स्कार्फमधला गिला वडा

"दुखलं काय?"

रश्मीनं मान वळवली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण बसला होता. डोकं, कान, नाक, सगळं पांढऱ्या दुपट्ट्यात गुंडाळलेलं. दिसत होते ते फक्त डोळे. तिचंही तसंच होतं. आकाशी स्कार्फ, कपाळापासून गळ्यापर्यंत. मे महिन्यात अमरावतीत अशा दोन माणसांकडे कोणी वळूनही पाहत नाही. इथल्या उन्हात अर्धं शहर नुसत्या डोळ्यांनी ओळख देतं. पण हे दोघं बसले होते त्वचेच्या दवाखान्यात, पंख्याखाली. तरीही दोघांनी गाठ सोडली नव्हती.

"झालंच नाई," ती म्हणाली. "परत पाठवलं मले."

"काहून?"

तिला खरं तर रडायचं होतं. पण जे झालं ते इतकं अजब होतं की आतून हसूच वर येऊ लागलं.

रश्मी अकोल्याला जठारपेठेत एका खोलीत राहायची आणि संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या घ्यायची. हिवरखेडला तिचा जन्म झाला तेव्हा घरात मुलगा झाला म्हणून पेढे वाटले होते. आपण मुलगी आहोत हे तिला पहिल्यापासून कळत होतं; मोठ्यानं म्हणायला मात्र फार वर्षं गेली. म्हटलं, त्या दिवसापासून घरानं अबोला धरला. मग डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. अंग हळूहळू बदललं, कातडी मऊ झाली. पण एकदा उगवलेली दाढी गोळ्यांनी जात नाही. तिला लेझर लागतं. आज त्याचा पहिला दिवस होता आणि आनंदानं तिला रात्रभर झोप नव्हती.

घोटाळा केला तो दुर्गाबाई मावशीनं. अमरावतीची ही मावशी, सगळ्या नात्यात तिला रश्मी म्हणणारी एकटीच. रश्मी मुक्कामाला आली तेव्हा मावशीनं मायेनं तिच्या गालांना आणि ओठांवर ब्लीच लावलं. एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाईपुढं काळंभोर तोंड घेऊन जाऊ नये, असं तिचं म्हणणं. सकाळी चेहऱ्यावरचा केस न् केस सोनेरी!

आणि लेझरच्या यंत्राला तर फक्त काळं दिसतं. त्याचा उजेड काळ्या केसातून खाली उतरतो आणि मूळ भाजून काढतो. सोनेरी केस त्याच्या लेखी नसतोच. डॉक्टर मॅडमनी कपाळाला हात लावला. वस्तरा फिरवा, पण उपटू नका, दोरा फिरवू नका, रंगवू नका, आणि महिन्यानं या, असं सांगून त्यांनी परत पाठवलं.

यातलं किती सांगायचं? तिनं थोडंच सांगितलं. चेहऱ्यावर केस आहेत, मावशी आहे, ब्लीच लावलं.

तो गंभीरपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मंजे आता तुमाले सोन्याची मिशी हाय."

ती हसली. मोकळी, पोटातून, आणि त्या नादात तिचा मूळचा जाड आवाज बाहेर पडला. तिनं पटकन स्कार्फवर हात दाबला.

"दाबू नका," तो म्हणाला. "असा आवाज रेडिओवर पायजे."

या आवाजाला आजवर कोणी असं म्हटलं नव्हतं. तिनं घाईघाईनं विचारलं, "तुमी काहून आले?"

त्यानं सरळ गाठ सोडली. दुपट्टा खांद्यावर पडला. सावळा, हसरा चेहरा, आणि हनुवटीवर एक पांढरा डाग, नुकतं बोंड फुटावं तसा. त्या डागापुरती दाढीही पांढरी. मशीनच्या उजेडानं हळूहळू रंग परत येतो, म्हणून आठवड्यातून दोनदा धामणगाव रेल्वेहून येतो, असं त्यानं सांगितलं. नाव श्रावण.

"तुमाले काळं घालवायचं हाय अन् मले काळं पायजे," तो म्हणाला. "आपली डॉक्टरीण भल्ली हुशार. इकडचं काढते, तिकडं लावते."

मग तो वाट पाहत राहिला. आता तिनं गाठ सोडायची, असा साधा रिवाज होता. रश्मीनं गाठ आणखी घट्ट केली. त्यानं नजर वळवली आणि पंख्याकडे पाहू लागला, जणू त्याला पंख्यातच गोडी होती.

ती उठली नाही, हे मात्र खरं.

"करता काय तुमी?" तिनं विचारलं.

"सापळे लावतो."

"कोणाले?"

"बोंडअळीच्या नराले." आदल्या वर्षी गुलाबी अळीनं साऱ्या वऱ्हाडाचा कापूस आतून पोखरला होता, यंदा गावोगाव सापळे टांगायचं काम निघणार होतं आणि त्यात श्रावण हंगामापुरता लागला होता. "सापळ्यात मादीच्या वासाची गोळी ठेवतो. नर येते बिचारा उडत उडत, अन् फसते."

"मादी नसतेच तिथं?"

"नसतेच. नुसता वास."

"लबाडी हाय ही."

"हाव. पण या बाकावर सापळा कोणाचा हाय, ते मले समजून नाई रायलं."

तिचे डोळे हसले. पण बसमध्ये बसल्यावर, बडनेरा मागे पडल्यावर, तेच वाक्य तिला टोचू लागलं. मादी नसतेच... नुसता वास. उद्या यानं आपल्यालाही असंच म्हटलं तर?

जूनमध्ये केस काळे होऊन आले आणि लेझर सुरू झालं. डोळ्यांवर काळा चष्मा, गालावर थंडगार जेल, आणि मग टच्... टच्... रबर ओढून सोडावं तसा चटका. मक्याचं कणीस भाजताना त्याच्या मिश्या जळतात तसा वास. वरच्या ओठावर आलं की डोळ्यांतून पाणी यायचं. तेव्हा ती मनात एकोणतीसचा पाढा म्हणायची, आणि पाढा संपायच्या आत ओठ संपायचा. बाहेर येताना चेहरा लाल, पण पावलं अशी हलकी की पायऱ्या ती धावतच उतरायची. खाली पांढरा दुपट्टा उभा असायचा. त्याचे दिवस बरेच, तिचा महिन्यातून एकच. पण तिचा दिवस त्याला कधी चुकला नाही.

केस एकदम सगळे का जात नाहीत, हे एकदा त्यानं विचारलं. तिनं शिकवणीतल्या मुलांना सांगावं तसं समजावलं. सगळे केस एका वेळी जागे नसतात. काही वाढत असतात, काही झोपलेले असतात, आणि उजेड लागतो तो जाग्यांनाच. म्हणून परत परत यायचं.

"कापसावानी," तो म्हणाला. "एका वेचणीत थोडाच सरते."

दवाखान्यातून निघालं की गिला वडा, हे ठरून गेलं. डाळीचा वडा, वर घट्ट दही, त्यावर लाल-हिरव्या चटण्या. तो मजेत खायचा. ती एका हातानं स्कार्फ नाकापासून थोडा लांब धरायची आणि चमचा खालून आत न्यायची. चमचा आत जायचा, पण दही कुठं जाईल याचा भरवसा नसे. आकाशी स्कार्फवर पांढरे नकाशे उमटायचे.

"अर्धा तुमी खाता, अर्धा स्कार्फ," तो म्हणायचा. "त्याची प्लेट वेगळी सांगू काय?"

चेहरा दाखव, असं मात्र तो एकदाही म्हणाला नाही. म्हणून तर ते अधिकच अवघड झालं होतं. पोळ्याच्या सुमारास 'तुमी'चं 'तू' झालं, कोणी ठरवलं नव्हतं तरी. तिनं मनाशी एक बेत केला. चेहरा पूर्ण स्वच्छ होऊ द्यायचा. मग स्कार्फ काढायचा, मग सगळं सांगायचं. सुंदर दिसल्यावर खरं बोलणं सोपं जाईल, असं तिला वाटायचं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिची लेझरची आणखी एक वेळ झाली. दोन आठवडे होतात न होतात, तोच श्रावणचा फोन आला. त्याचं सापळ्यांचं काम संपत होतं. डागाचा उपचारही आता घरच्या मलमावर आला होता. रविवारी शेवटचं अमरावतीला येणार होता.

"तुले एक विचारायचं हाय," तो म्हणाला. "फोनवर नाई. समोर."

शनिवारी ती मावशीकडे आली आणि आरशाच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. हनुवटीवर, ओठांवर, काळे ठिपकेच ठिपके. केस परत आले होते! तिनं डॉक्टर मॅडमना फोन केला. त्या हसल्या. ते वाढत नाहीत, मेलेले आहेत. कातडी त्यांना बाहेर ढकलते आहे, आठवड्यात आपोआप गळतील, असं त्यांनी सांगितलं. रश्मीचा जीव भांड्यात पडला. पण रविवार तर उद्याच होता.

मावशीनं पुन्हा ब्लीचची डबी काढली. "एका दिवसाचा तर प्रश्न हाय, पोरी. लाव अन् जाय. त्याले काय समजते?"

रश्मीनं डबी हातात घेतली. तिला वाटलं, लावावं. उद्या हसावं, बोलावं, तो जे विचारेल त्याला हो म्हणावं... आणि मग? सोनेरी करून झाकलेलं जात नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तिनं डबीचं झाकण लावलं.

"काळं दिसलं तरच जाते, मावशी."

 मावशीनं रश्मीच्या केसांतून हात फिरवला आणि भाकरी थापायला उठली.

रविवारी गिल्या वड्याच्या गाडीपाशी गर्दी नव्हती. श्रावण आधीच येऊन बसला होता, दुपट्टा गळ्यात मोकळा टाकून. आज तो जरा गोंधळलेला दिसत होता. तो तोंड उघडणार तोच तिनं हात वर केला.

"आधी मी."

तिनं गाठ सोडली. घाईत ती आधी आणखी आवळली, मग सुटली. स्कार्फ मांडीवर उतरला. ऑक्टोबरचं ऊन थेट तिच्या गालावर, हनुवटीवर, त्या सगळ्या ठिपक्यांवर पडलं.

"हे केस बायांच्या मिशीसारखे नाई, श्रावण. दाढी हाय ही. जन्मले तवा घरच्यांनी मले पोरगा मानलं. मी पोरगी हाय, मले पयलेपासून मालूम होतं... घरच्यांनी बोलणं सोडलं. मावशी तेवढी हाय." तिनं श्वास घेतला. "तू सापळ्याचं सांगतलं होतं. मादी नसते, नुसता वास असते. तुले तसंच वाटन, तर आत्ताच सांग."

 त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. मग तो उठला आणि चालू लागला.

रश्मी मांडीवरच्या स्कार्फकडे पाहत राहिली. आता हा बांधायचा, बस स्टँडवर जायचं, अकोल्याच्या गाडीत बसायचं. एवढंच तर करायचं होतं. तिनं स्कार्फची घडी घातली, पुन्हा उलगडली.

समोर एक प्लेट आली. दह्यानं काठोकाठ भरलेली.

"आता नीट खा," श्रावण म्हणाला. त्याच्या दुसऱ्या हातात त्याची प्लेट होती. "किती दिवस झाले, स्कार्फलेच चारून रायली."

तो शेजारी बसला. चमच्यानं दही हलवू लागला.

"मले हे सारं समजायले वेळ लागन," तो हळू म्हणाला. "चुकीचं बोललो तर सांगत जाय. पोट्ट्यांले शिकवतेस न, तसंच मले शिकव. पण एक गोष्ट मले पक्की मालूम हाय. सापळ्यात कोणीच नसते, रश्मी. इथं तू हायेस."

तिनं वड्याचा मोठा घास घेतला. ती हसली की रडली, तिचं तिलाच कळलं नाही. दही मात्र थेट हनुवटीवर ओघळलं. स्कार्फ नव्हता ना आज, झेलायला.

श्रावणनं गळ्यातला दुपट्टा काढून पुढे केला. तिनं हनुवटी पुसली आणि थबकली. पांढऱ्याशुभ्र कापडावर दह्यासोबत बारीक बारीक काळे ठिपके उतरले होते. मॅडम म्हणाल्या होत्या तसे. गळले होते.

"पाह्य," ती कुजबुजली. "निघाले... श्रावण, निघून रायले!"

दोघंही दुपट्ट्यावर वाकले. ती इतकी जवळ आली होती की त्याच्या हनुवटीवरचा डाग तिला पहिल्यांदाच नीट दिसला. पांढऱ्यात ठिकठिकाणी तपकिरी ठिपके उगवले होते, तिळाएवढे, नवे कोरे.

"तुझे आले," ती म्हणाली.

"तुझे गेले." त्यानं दुपट्ट्याची घडी घातली. "हे मी धुत नाई. काळं पायजेच होतं मले."

"चल, काहीतरीच तुझं." तिनं घडी ओढून घेतली. मग आठवून विचारलं, "तुले काय विचारायचं होतं?"

"तेच, की पुढच्या वेळी दवाखान्याले तुझ्यासंगं येऊ काय. माझं काम सरलं, पण तुझ्या वेचण्या बाकी हायेत न."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "ये."

स्टँडवर अकोल्याची गाडी लागली होती. लेझरनंतर ऊन वर्ज्य, म्हणून त्यानंच स्कार्फ झटकून तिच्या हातात दिला आणि खिडकीची सावलीकडची जागा धरली. मग शेजारी बसला.

"धामणगाव तिकडं हाय," रश्मी म्हणाली.

"मालूम हाय मले," तो म्हणाला, आणि कंडक्टरकडे वळून त्यानं दोन अकोला मागितले.