शिलाँगचा काळा बांबू

यवतमाळहून घाटंजीला निघालेल्या एसटीत ममताच्या कानाला काहीतरी सारखं गुदगुल्या करत होतं. एकदा तिनं केस मागं सारले. दुसऱ्यांदा ओढणी सावरली. तिसऱ्यांदा मात्र झटक्यात मान वर केली, तर रॅकवरच्या ओल्या पोत्यातून बारीक लांबट पानांचा एक झुबका खाली डोकावत होता.

"हे कोनाचं होय?" तिनं आवाज चढवूनच विचारलं.

"माह्यं," मागच्या सीटवरून उत्तर आलं. "लागलं का तुम्हाले? सॉरी... दोन दिवस रेल्वेत बसून बसून त्यालेही कंटाळा आला असन."

ममता आणखी काही बोलणार होती, पण तेवढ्यात तिला पोत्याच्या तोंडातून खोड दिसलं. काळंभोर, काजळानं कोरल्यासारखं, बोटाएवढ्या जाडीचं खोड!

"काळा बांबू..." ती पुटपुटली आणि सीटवरून चक्क उठून उभी राहिली. "हात लावू का?"

"लावा ना. एवढं कोनी विचारलं नव्हतं त्याले आजवर."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर छोटीशी खळी पडत होती. ममतानं ती पाहिली आणि पाहिली नाही असं दाखवलं.

घाटंजीच्या अलीकडं, बंजारा तांड्याच्या तोंडाशी, रस्त्याला लागून ममता राठोडची नर्सरी होती. कृषी पदविका झाल्यावर तिनं वडिलांच्या कपाशीच्या वावराचा एक कोपरा मागून घेतला आणि तिथं हिरवी जाळी उभारली. गुलाब होते, मोगरा होता, पण तिचा जीव शोभेच्या बांबूवर. पिवळ्या खोडावर हिरव्या रेघा ओढलेला, कुंपणाला लावायचा बारीक पानांचा, पेरापेरात पोट सुटलेला बुद्ध-बांबू... सगळे होते तिच्याकडं. काळा मात्र तिनं फक्त मोबाईलवर पाहिला होता.

त्याचं नाव रोशन भगत. गाव घाटंजीच्या पुढं आठ किलोमीटर. मोबाईल टॉवरच्या कामावर तीन वर्षांपासून शिलाँगला.

"बाबाची लय इच्छा होती, गावातल्या विहाराच्या मागं वेळुवन करायची," तो म्हणाला. "बुद्ध राहत होते ना वेळुवनात, तसं. मागच्या साली बाबा गेले. म्हटलं, आता आपण करू. तिकडं एका घराच्या कुंपणाशी हा दिसला, मागून घेतला."

ममताच्या तोंडून खरं तेच निघालं. "हा थंडीतला जीव आहे हो. तिकडं धुकं, पाऊस. आपल्या इथी मे महिन्यात पंचेचाळीस अंश. मरन हा."

त्याचा चेहरा असा उतरला की तिला आपलीच जीभ चावावीशी वाटली. बस खड्ड्यातून उसळली. पानं पुन्हा तिच्या गालाला लागली.

"पण... पाहू आपण," ती म्हणून गेली. "माह्या नर्सरीत ठेवा. पावसाळा लागला की लावू."

'आपण' कुठून आलं, तिला कळलं नाही. त्याला मात्र ते ऐकू गेलं होतं.

*

फेब्रुवारीतले ते चार दिवस. रोशन सुट्टीवर होता आणि चारही दिवस त्याला नर्सरीत काही ना काही काम निघत होतं. वेळुवनासाठी बांबू निवडायचे होते म्हणे!

"हा पिवळा घ्या," ममता सांगायची. "आपल्या उन्हाले भीत नाही. बेट करून एका जागी राहते. तुमचा काळा तसा नाही... त्याच्या मुळ्या जमिनीखालून पळतात. आज इथी, उद्या शेजारच्या अंगणात."

"माह्यासारखाच मंग. गाव घाटंजी, कोंब निघाला शिलाँगले."

"आणि हा बुद्ध-बांबू. याले खूप पाणी दिलं की सरळसोट वाढते. कुंडीत ठेवून जरासा तहानलेला ठेवला, तरच पेरं फुगतात."

"म्हंजे तुम्ही झाडालेही तरसवता?"

"झाडाले*ही* म्हंजे?"

तो बुद्ध-बांबूच्या फुगीर पेरावरून नुसतं बोट फिरवत राहिला. ममतानं हातातली झारी उगाच दुसऱ्या वाफ्याकडं वळवली. तिथं सकाळीच पाणी देऊन झालं होतं.

तो गेला आणि दुसऱ्याच दिवशी मेसेज आला — 'पाहुणा कसा आहे?'

तिनं फोटो पाठवला. मग रोज सकाळी एक फोटो जायचा आणि तिकडून धुक्यात बुडालेल्या डोंगराचा एक फोटो यायचा. 'आज चौदा अंश. दोन स्वेटर घातले.' 'इथी अडतीस. मी दोन दुपट्टे बांधले.' हळूहळू झाडाचा फोटो एक आणि गप्पा पन्नास असं व्हायला लागलं. 'तुम्ही'चं 'तू' झालं, तेही कोणी ठरवलं नव्हतं.

आणि मार्च सरता सरता पानांची टोकं करपायला लागली.

ममतानं कुंडी मोठ्या कुंडीत बसवली, मधल्या जागेत ओली वाळू भरली. बुंध्याशी सोयाबीनचं कुटार, मळणीचा भुसा, अंथरलं. हिरव्या जाळीवर दुसरी जाळी टाकली, बारीक फवारा लावला. तरी दुपारी पानं सुरळीसारखी गुंडाळली जायची. संध्याकाळी थोडी उलगडायची... रोज थोडी कमी. ती फोटो काढताना कुंडी फिरवायची, करपलेली बाजू भिंतीकडं.

'मस्त दिसते,' रोशन लिहायचा. 'तुह्या हाताले गुण आहे.'

तो मेसेज वाचून तिला आनंद व्हायला हवा होता. ती मात्र करपलेली पानं मोजत बसायची. झाड गेलं तर तो काय म्हणेल, याची भीती होतीच. पण त्याच्याखाली आणखी एक भीती होती, जी ती स्वतःशीही नीट बोलत नव्हती... झाड गेलं, तर तो रोज कशासाठी विचारेल? मग कुठला फोटो पाठवायचा?

मेच्या पहिल्या आठवड्यात मामेबहिणीच्या लग्नाला दिवसभर मारेगावला जावं लागलं. निघताना फवारा सुरू करून ठेवला होता. पण दहा वाजता लाईन गेली ती पाचला आली. ममता परतली तेव्हा काळ्या बांबूची सगळी पानं वाळून कागदासारखी झाली होती. हात लावला की चुरा. तिनं बुंध्याशी नख लावून पाहिलं. आत हिरवं काहीच नव्हतं.

ती लग्नाच्या साडीतच कुंडीशेजारी बसून राहिली.

बुद्धपौर्णिमेला बारा दिवस होते आणि रोशन त्याच दिवसासाठी येणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला, 'पाहुणा?' तिनं गॅलरी मागं सरकवली आणि एप्रिलमधला फोटो पाठवला. मग तोच तीन दिवस. चौथ्या दिवशी त्यानं लिहिलं, 'आज व्हिडिओ पाठव ना. पानं हलताना पाह्यची आहेत.'

तिनं फोन बंद करून धान्याच्या कोठीवर ठेवून दिला.

*

तीन दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास एक पांढऱ्या लुगड्यातली बाई नर्सरीच्या फाटकाशी ऑटोतून उतरली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी.

"ममता तूच ना? मी रोशनची माय. रुखमाबाई."

ममताच्या हातातलं खुरपं खाली पडलं.

"पोरगा फोनवर जीव खाऊन राह्यला माह्या. माय, ती उत्तरच देत नाही, जाऊन पाहून ये, बिमार तं नाही..." बोलता बोलता रुखमाबाईंची नजर कोपऱ्यातल्या कुंडीवर गेली. त्या जवळ गेल्या. वाळकी काडी बोटांत धरून त्यांनी सावकाश मान हलवली. "हेच का ते?"

"हाव," ममता म्हणाली. "मावशी, मी खोटं बोलली त्याच्याशी. जुने फोटो पाठवले. त्याच्या बाबांच्या इच्छेचं झाड होतं... माह्याच्यानं जगलं नाही."

"अवो, त्याच्या बापानं काळा बांबू जलमात पाह्यला नव्हता. त्यायले कोनताही बांबू चालला असता." रुखमाबाई बाकावर टेकल्या. पदरानं मान पुसली. "झाड मेलं म्हणून फोन बंद केला का दुसरं काही आहे?"

ममता कुंडीतली चुरलेली पानं वेचायला लागली.

"आवडते तुले तो?"

विचारणं इतकं सरळ होतं की तिला खोटं बोलायला जागाच उरली नाही. तिनं मान खाली घातली आणि होकारार्थी हलवली.

रुखमाबाईंनी सुस्कारा सोडला. "मले वाटलंच होतं. मले तं मेलीले झोप नाही या काळजीनं. तू तांड्यातली पोरगी, आमी बौद्ध. मले काही नाही त्याचं... पण तुह्या बापाले काय सांगशीन? उद्या तो नाही म्हनला, तं दोघंही झुरसान. त्याच्यापेक्षा आजच नीट विचार कर बाई. आणि पहिले त्याले खरं सांग. खोट्यावर काही सुरू करू नको."

त्या गेल्यावर ममतानं कोठीवरचा फोन आणला. लिहायला गेली, पुसलं. शेवटी आवाजच रेकॉर्ड केला.

"रोशन... झाड गेलं. आठ दिवस झाले. मी जुने फोटो पाठवत होती. तू रागावशील म्हणून नाही... तू बोलणं बंद करशील म्हणून. बस, एवढंच."

एक टिक. करडी, एकटी टिक.

दुपारी एक टिक. संध्याकाळी एक टिक. दुसऱ्या दिवशीही तेच. ती रोपांना पाणी घालायची आणि ओल्या हातानंच स्क्रीन पुसून पाहायची. याडीनं, म्हणजे आई जमनीनं विचारलंही, "काई व्हेगो?" काय झालं म्हणून. "काही नाही, ऊन लागलं," ममता म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन टिका आल्या. मग त्या निळ्या झाल्या.

आणि उत्तर आलं नाही.

तास गेला. दोन गेले. दुपार झाली. त्यानं ऐकलं होतं आणि तो काही बोलला नव्हता. ममताला वाटलं, झालं, हेच त्याचं उत्तर. तिनं काळ्या बांबूची कुंडी रिकामी करायला घेतली, हातांना काहीतरी काम हवं म्हणून.

"थांब... मले एकदा पाहू तर दे."

ती वळली. फाटकात रोशन उभा होता. पाठीवर बॅग, डोळे प्रवासानं लाल, केसांत धूळ.

"रेल्वेत होतो. मधात रेंज नव्हती," तो जवळ येत म्हणाला. "नागपूरले तुहा आवाज ऐकला. उत्तर लिहून राह्यलो होतो... लय लांब होऊन राह्यलं होतं. म्हटलं, जाऊनच देतो."

"रागावला?"

"मले माहीत होतं, ममता."

"काय?"

"तिन्ही दिवस कुंडीतल्या मातीवर झेंडूची एकच पाकळी. एकाच जागी." तो हसला, पण हसू जरा ओलं होतं. "दुसऱ्याच दिवशी समजलं, झाड गेलं. पण मी बोललो असतो, तं तू फोटो पाठवणं बंद केलं असतं. मी रोज सकाळी कायची वाट पाहिली असती मंग?"

इतके दिवस आपण एकटीच भीत होतो, असं वाटत होतं तिला...

"व्हिडिओ काहून मागितला मंग?"

"वाटलं, व्हिडिओत तुहा आवाज तरी येईन."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. तिनं मातीच्या हातानं गाल पुसला, गालावर मातीचा पट्टा ओढला गेला. रोशननं हात पुढं केला, मग मधेच थांबवला.

"विहारामागं तुह्या पसंतीचे पिवळे लावू. पौर्णिमेले नुसते खड्डे करू, पाऊस लागला की रोपं," तो म्हणाला. "मी नागपूरकडं बदली मागितली आहे. मिळाली तं सप्टेंबरात. आणि मले तू... मले तू पाहिजे. सरळ सांगतो. मले दुसरं गोड बोलता येत नाही."

"येते की," ती म्हणाली. "रोजच तं बोलते."

"कुणेरो छोरा छ यी?" कोणाचा पोरगा हा? मागून आवाज आला. उत्तमसिंग राठोड, ममताचे वडील, खांद्यावर रुमाल टाकून वावरातून येत होते.

ममता पटकन मागं सरकली. रोशननं मात्र बॅग खाली ठेवली, हात जोडले.

"काका, मी रोशन. नागोराव भगतांचा. मले तुमची ममता आवडते, तिलेही मी आवडतो. लपूनछपून काही करायचं नाही, म्हणून तुमच्यासमोर बोलून राह्यलो. आमी बौद्ध आहो. तुम्ही विचार करा. मी वाट पाहीन."

उत्तमसिंगांनी त्याच्याकडं पाहिलं, मग लेकीकडं, तिच्या गालावरच्या मातीकडं. मग ते घराकडं निघून गेले. रात्री जेवायला बसले. जमनीनं दोनदा विषय काढला, त्यांनी दोनदा पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ममता उठली तेव्हा वडिलांची मोटारसायकल दारात नव्हती. कुठं गेले, जमनीलाही सांगितलं नव्हतं. दुपार झाली. ममतानं तीच रोपं तीनदा हलवली. ते त्याच्या गावी गेले असतील... भांडायला? रुखमाबाईंना काही बोलले तर? रोशनला फोन लावायची तिची हिंमत झाली नाही. रस्त्यावर गाडी वाजली की ती जाळीआड जायची आणि दुसरीच कुणाची गाडी पुढं निघून जायची.

उन्हं कलली तेव्हा मोटारसायकल आली. उत्तमसिंगांनी ती स्टँडवर लावली, चपला काढल्या, खाटेवर बसले. ममता पाण्याचा तांब्या घेऊन आली.

त्यांनी अर्धा तांब्या पाणी प्यायलं. रुमालानं मिशा पुसल्या.

"बा... कुठी गेलता?"

"रुखमाबाईकडं." ते थांबले. "जेवून आलो."

आत जमनीच्या हातातली थाळी वाजायची थांबली.

"वांग्याच्या भाजीत मीठ थोडं कमी होतं," उत्तमसिंग रस्त्याकडं पाहत म्हणाले. "पुढच्या खेपेले सांगीन त्यायले."