बुडाला चिकटलेलं हाड

दोष डॉक्टर ब्राकामोन्तेसचा. तेवाकान गावात लोक त्याला देवमाणूस म्हणतात, म्हणोत बापडे.

आपल्या संग्रहालयातल्या भाल्यांच्या प्राचीन दगडी टोकांची वर्गवारी करायला त्यानेच अन्सेल्मोला ठेवलं. पोराला पुरातत्त्वाच्या कॉलेजातून काढलं होतं. डॉक्टरने शब्द टाकला असता तर परत घेतलं असतं, आणि म्हातारा महिनोन्‌महिने तेवढंच गाजर दाखवत होता.

भाल्याच्या टोकाची जात बुडावरून ठरते. खाच असली तर एक ट्रे, दांडा असला तर दुसरा. पण या ज्वालामुखीच्या काळ्या काचेच्या टोकाचं बूड दिसतच नव्हतं. हाडाचा एक तुकडा त्याला घट्ट धरून बसला होता. थडग्यातून ते तसंच आलेलं.

"खरवड," डॉक्टर दारातून म्हणाला. तो आत कधी येत नसे.

"माणसाचं हाड आहे, डॉक्टर."

"मग काय, तो तक्रार करणारे? कॉलेजात जायचंय ना परत?"

अन्सेल्मोने पात्याने खरवडलं. दाढ कोरताना येतो तसा वास खोलीत भरला. खाच दिसली. टोक ट्रेमध्ये ठेवून तो जेवायला गेला.

परत आला तेव्हा हाड जागेवर होतं. किंचित ओलं.

त्याने पुन्हा खरवडलं. डाव्या कुशीत चमक आली. तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत बसला. बाहेर भर उन्हात बर्फगोळेवाल्याची घंटा वाजत होती. आत, ट्रेमधली टोकं एकमेकांना घासल्यासारखी बारीक किणकिणत होती. कुणी हात लावला नव्हता. हाड पुन्हा आलेलं. या खेपेला गुलाबी.

"डॉक्टर... हे परत येतंय."

"येतं." म्हातारा चौकटीला टेकला, नेहमीसारखा डावीकडे कललेला. "थोडा वेळ. मग थांबतं."

"तुम्हाला... माहीत होतं?"

"बाकीची टोकं काय आपोआप साफ झाली? मी माझ्या वाटचं केलंय, पोरा. हे एवढं उरक. लगेच फोन करतो कॉलेजात."

अन्सेल्मोने तिथेच उठून जायला हवं होतं. त्याने पातं उचललं. हाड आता मऊ होतं, लोण्यासारखं सुटत होतं, आणि प्रत्येक ओरखड्याला त्याच्या शर्टाच्या आत काहीतरी हलकं होत होतं. दुखत मात्र नव्हतं.

टोक खाचेच्या ट्रेमध्ये गेलं. म्हाताऱ्याने फोन केला. प्रवेशाच्या वेळच्या तपासणीत छातीचा एक्स-रे काढला, तेव्हा तो बघून काढणाऱ्या बाईने त्याच्या अंगावर टाक्यांची खूण शोधली. ती नव्हती.

अन्सेल्मोची डावीकडची एक बरगडी गेली.