बाबांनी न बोललेलं वाक्य

थडग्याच्या दगडावर बाबांचं ते वाक्य कोरून घेऊ, असं धाकटी बहीण एल्द्रिद जेवताजेवता म्हणाली, आणि तोरबोर्गनं हातातला घास परत ताटात ठेवला...

‘धाकटीला दूर लोटलं, तिथं माझं चुकलं.’ तोरबोर्गच्याच लेखात ते छापलं होतं. नॉर्वेतल्या सेन्या बेटावरच्या वृद्ध मच्छीमारांच्या आठवणींवरचा तो शोधनिबंध. मुलाखती तिच्या सहकाऱ्यानं घेतल्या होत्या, त्यांत बाबांचीही होती. पण छपाईची मुदत येईपर्यंत बाबा गेले, त्यांचा आवाज ऐकायचं धैर्य तिला होईना, म्हणून सगळी ध्वनिमुद्रणं तिनं एआयच्या हवाली केली आणि त्यानं लिहून दिलेलं न पडताळताच पाठवून दिलं. ते वाक्य वाचून, मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून बाबांनी घराबाहेर काढलेली एल्द्रिद इतक्या वर्षांनी दूरच्या बेर्गेन शहरातून परतली होती, ताईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली होती.

आणि आज सकाळी, एका अभ्यासकानं मूळ शब्द मागितले म्हणून, तोरबोर्गनं ती मुलाखत पहिल्यांदा ऐकली.

“एल्द्रिद, बाबा तसं बोललेच नव्हते गं,” ती कशीबशी म्हणाली. “ते मशीननं रचलं. मी तपासलं नाही. संपादकांना सगळं खरं कळवलंय, लेख मागे घेतेय मी.”

एल्द्रिद पांढरीफटक पडली. मग हळू आवाजात म्हणाली, “जन्मभर त्यांचं सगळं तू केलंस, आणि माफीचा शब्द मात्र माझ्या वाट्याला आला. तेच तुला बघवलं नाही ना, ताई? नाहीतर ऐकव मला ती मुलाखत.”

मुलाखत शेजारच्या खोलीत, संगणकावर होती. सहकाऱ्यानं विचारलं होतं, मुलं किती? आणि बाबा, जराही न अडखळता, शांतपणे म्हणाले होते, “एकच मुलगी. तोरबोर्ग.”

बहिणीचा राग करत माणूस आयुष्य काढू शकतं... पण हे ऐकून?

“हो,” तोरबोर्ग म्हणाली. “नाही बघवलं मला.”

एल्द्रिद दुपारच्याच बोटीनं निघून गेली. पुढे लेख रद्द झाला, विद्यापीठानं तोरबोर्गचं संशोधनाचं काम काढून घेतलं, आणि ते तिनं मुकाट्यानं मान्य केलं. चूक तिचीच होती. नाताळात तिनं बेर्गेनला फोन लावला. एल्द्रिदनं उचलला, आवाज ओळखला, आणि फोन ठेवून दिला.