न घेतलेली नोटीस

पोस्टमनने पुन्हा कडी वाजवली, तेव्हा राजश्री स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात श्वास रोखून उभी होती आणि दारात तिची सुकेशनी, कधी खोटं न बोललेली पोर, खाली मान घालून सांगत होती, "आई नाय घरात." रजिस्टर पत्र परत गेलं.

कोपरखैरण्याचं हे घर धाकट्या दिराचं, प्रितमचं. नवरा गेल्यावर त्यानेच तिला मायेने इथे आणलं होतं. त्याच्या सासऱ्याच्या हट्टापायी भाडेकरार तेवढा केला होता. कराराची मुदत दिवाळीत संपली, भाडं मात्र तो घेत राहिला, आणि आता 'घर लागतंय' एवढंच म्हणत होता. बेलापूरच्या वकिलाने तिला समजावलं होतं, "मुदतीनंतरही भाडं घेतलंय, म्हणजे महिन्याची लेखी नोटीस दिल्याशिवाय तुम्हाला काढता येणार नाही." सुकेशनीची दहावी तोंडावर आलेली... नोटीस हाती पडलीच नाही तर महिना सुरूच होणार नाही, या आशेवर राजश्री दिवस ढकलत होती. पण पाठच्या भावासारख्या दिराने वकिलाचं पत्र धाडावं, हे शल्य काळजातून जात नव्हतं.

त्याच आठवड्यात बाजारात प्रितमची बायको, तिची जाऊ विजयमाला भेटली. तिचे दिवस भरत आलेले, चेहरा पार सुकलेला.

"तुर्भ्याला भावाच्या गॅलरीत राहतोय, ताई. आमच्या घरमालकानं नोटीस-बिटीस काय दिली नाय. आमी बाहेर गेलेलो, सगळं सामान रस्त्यावर टाकलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"ह्यांनी शपथ घातली. म्हणाले, वहिनींना कळलं तर त्या आजच बाहेर पडतील, पोरीची परीक्षा बुडेल. माझे बाबा तर तुमचं सामान काढायलाच निघालेले, मुदत संपली म्हणून. हे आडवे आले... रीतसर नोटीस देऊ, वहिनींना पुरता महिना मिळू दे, म्हणाले."

राजश्रीला भर बाजारात धरणी दुभंगावी असं वाटलं. स्वतः उघड्यावर पडलेल्या माणसाने तिच्या डोक्यावरचं छप्पर जपलं होतं, आणि ती त्याला मनातल्या मनात वैरी ठरवून, पोटच्या पोरीला खोटं बोलायला लावून दाराआड लपली होती...

ती तशीच जावेबरोबर तुर्भ्याला गेली. प्रितम गॅलरीत वळकटीला टेकून बसला होता. तिला पाहून गडबडीने उठला.

"भाऊजी, ती नोटीस द्या. सही करते."

"परत आली ती, वहिनी."

"मी घरातच होते. मीच परत धाडली..."

प्रितमने वळकटी सरकवून तिला बसायला जागा केली. "खरं सांगू? परत आली तेव्हा बरंच वाटलं मला. म्हटलं, दुसरी पोचेपर्यंत सुकूची परीक्षा होऊन जाईल."

राजश्रीने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "चला. विजयमालाचं बाळंतपण तिच्या घरात होईल. आम्ही मायलेकी स्वयंपाकघरात झोपू. परीक्षा झाली की मी दुसरीकडे बघते."

"ताई," विजयमाला हलकेच म्हणाली, "तुमी जाणार असाल तर मी उंबरा ओलांडायची नाय."

राजश्रीने खाली वाकून त्यांच्या सामानाच्या ट्रंकेची कडी धरली, दुसरी प्रितमने धरली, दुसऱ्या हाताने तिने जावेला सावरलं, आणि डोळे पुसायला हात मोकळाच राहिला नाही.