पुरे म्हणेपर्यंत

हे माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत घडलंय. हसायचं तर हसा, पण ताई थापा मारणाऱ्यांतली नाही.

ताई नर्स. साथ आली तर स्वतःला कसं जपायचं, हे ती आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवते. त्या दिवशी, ऐन उन्हाळ्यातल्या भर दुपारी, रुग्णालयाच्या बंद पडलेल्या संसर्ग वॉर्डात तिचा वर्ग होता.

सकाळपासून तिचं डोकं फिरलेलं. पंखा बंद. साहेबांनी पाठवलेल्यांपैकी निम्मे बदलीच्या तोंडावरचे, उरलेले मोबाईलमध्ये.

"अहो, मास्कला पुढून हात लावायचा नाही! आधी हात धुवायचे, मग मागून दोरी सोडायची. किती वेळा सांगू?"

"साथ येईल तेव्हा बघू की, मॅडम," एक कंपाउंडर म्हणाला. सगळे खिदळले.

ताईने रागारागाने सगळ्यांना संरक्षक पोशाख चढवायला लावले. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. कोण कुठला, ओळखू येईना.

उकाड्याने सगळ्यांचे पोशाखावरचे चष्मे आतून धुरकटले.

एकाचा सोडून...

तो खिडकीपाशी उभा होता. चष्मा लख्ख. पण आत डोळे दिसत नव्हते. ताईला वाटलं, काच चमकत असेल.

"चला, उतरवा आता."

त्याचा हात थेट मास्ककडे गेला. पुढून.

"चूक! थांबा. पुन्हा."

पुन्हा तेच.

ताईचा तोल सुटला. "मरायचंय का तुम्हाला? जा, आधी हात धुवा. मी पुरे म्हणेपर्यंत बाहेर यायचं नाही!"

तो मुकाट्याने बाथरूममध्ये गेला. पावलं वाजली नाहीत...

नळाची धार मात्र ऐकू आली.

ताई वळली. सगळे तिच्याकडेच बघत होते.

"मॅडम," कंपाउंडर हळूच म्हणाला, "तुम्ही कोणावर ओरडताय?"

"तुमच्यातल्याच एकावर! खिडकीपाशी होता तो."

"तिथं कोणीच नव्हतं हो."

ताई तणतणत गेली आणि दार ढकललं.

आत कोणी नाही. बेसिन कोरडं ठणठणीत. नळ तर कुणीतरी कधीच काढून नेलेला. भिंतीत नुसतं भोक.

आणि तरी आवाज येतच होता... पाण्याचा. तळव्यावर तळवा घासल्याचा.

तिने दुसरी खोली मागितली. साहेब म्हणाले, "ऊन लागलं असेल तुम्हाला. खोल्या काय झाडाला लागतात?" पुढचे सगळे वर्गही तिथेच झाले.

मग साथ खरंच आली. तोच वॉर्ड उघडावा लागला.

आता रुग्ण विचारतात, "सिस्टर, बाथरूममध्ये हात धुणारे ते बाहेर का येत नाहीत?"

कर्मचारी ताईच्या मागे लागलेत. "मॅडम, तुम्हीच कोंडलंय त्याला. तुम्हीच पुरे म्हणा."

ताई दोनदा त्या दारापर्यंत गेली. दोनदा परत आली.

मी वैतागून म्हटलं, "अगं, एक शब्द तर म्हणायचाय!"



ती म्हणाली, "हात धुऊन झाले ना... की पुढची पायरी मास्क काढायची असते."