'आपण'मध्ये किती जण?

मानवी मनाचा ठाव ऋषिमुनींना लागला नाही, तत्त्वज्ञांनाही लागला नाही. तो अखेर लागला वाकडमध्ये, निरंजन खरवंडीकरच्या कचेरीत. कारण जोडप्यांची गृहकर्जं फार बुडायला लागली होती.

निरंजन हा गृहकर्ज सल्लागार. गिऱ्हाइकाची गरज ओळखायला तो वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारी, "आपल्याला नेमकं काय हवंय?" आणि उत्तर काहीही आलं तरी पेलेल त्याहून थोडं मोठं कर्ज सुचवी. आता बँकेने त्याच्या टेबलावर आपणमापक बसवला होता, आणि तो चालवायला मेंदूतज्ज्ञ डॉ. घैसास.

समोर श्रीपाद आणि ऊर्जिता बोराडे. भाड्याची जागा महिनाअखेर सोडायची होती. दोन खोल्यांचा फ्लॅट पसंत होता.

"'आपण' म्हणताना मेंदू त्यात किती माणसं धरतो, ते हा पट्टा मोजतो," घैसास मॅडम म्हणाल्या. "नावं नाही, नुसती डोकी. दोघांत ज्याचा आकडा कमी, तितक्याच खोल्यांचं कर्ज. एकमेकांकडे बघून बोला."

ऊर्जिताने डोक्याला पट्टा बांधला. "श्री, आपल्याला घर हवंय."

पडद्यावर दोन.

श्रीपादने बांधला. "ऊर्जिता, आपल्याला घर हवंय."

एक.

"सैल असेल," म्हणत निरंजनने पट्टा आवळला. पुन्हा एक.

"एक म्हणजे तूच ना?" ऊर्जिता म्हणाली. "तरी आई सांगत होती."

"अगं, देवाशपथ..."

"देवाला मध्ये आणू नका, डोकी वाढतील," निरंजन बोलून गेला आणि ओशाळला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "मराठीत सोय आहे. 'आपण'मध्ये ऐकणारा धरतात, 'आम्ही'तून वगळतात. तिच्याकडे बघून 'आम्हाला' म्हणा. तो एक तुम्ही असाल, तर एकच राहील. ती असेल, तर शून्य."

श्रीपाद तिच्याकडे वळला. "ऊर्जिता, आम्हाला घर हवंय."

शून्य.

ऊर्जिताचे डोळे भरून आले. मग एकदम कोरडे झाले. "म्हणजे घरात मी एकटी? आणि तू कुठे?"

"हप्ता बघितलास ना? दिवसा कंपनी, रात्री गोदाम. मी घरात येऊ कधी?"

"मग एकच खोली घेऊ. हप्ता निम्मा. गोदाम सोड."

श्रीपादचा चेहरा उजळला. "आपल्याला एक खोली पुरे!"

पडद्यावर दोन.

ऊर्जिताने त्याचा हात धरला. निरंजनने घसा साफ केला. "अभिनंदन. पण आकडा दोन आला, म्हणजे कर्ज दोन खोल्यांचंच. एका खोलीत दोन डोकी नियमात बसत नाहीत."

"आणि आपण दोन खोल्यांचं घेतलं, तर मी पुन्हा गोदामात," श्रीपाद म्हणाला.

पडद्यावर एक.

"एक आला! मग एका खोलीचं द्या," ऊर्जिता घाईने म्हणाली.

"दिलं," म्हणून निरंजन बटण दाबायला गेला. "सुटलो आपण!" श्रीपाद म्हणाला.

दोन.

घैसास मॅडम चष्मा पुसत होत्या. यंत्रात दोष नव्हता.

"आपण उद्या बघू," निरंजन म्हणाला. त्याच्या डोक्यावर पट्टा नव्हता.

भाड्याची जागा ठरल्याप्रमाणे महिनाअखेर सोडावी लागली.