सेंट ऑगस्टीनमधली सायकलफेरी

समोरून भरधाव सायकल आली आणि उत्तराने "आई गं!" म्हणत हँडल डावीकडे वळवलं. समोरच्यानेही डावीकडेच वळवलं. दोन्ही सायकली एकमेकींना न लागता सुर्रकन निघून गेल्या... आणि दहा पावलांवर थांबल्या.

"इथला कुणी असता तर सवयीने उजवीकडे वळला असता," तो हसत मराठीत म्हणाला, "आणि आत्ता आपण दोघं रस्त्यावर आडवे असतो!"

"तुम्ही मराठी?"

"सोलापूरचा. दोन वर्षं झाली इथे, पण घाबरलो की हात अजून तिकडच्यासारखेच वळतात."

ती १९८६च्या मार्चमधली सकाळ होती. फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन हे स्पॅनिश लोकांनी चारशे वर्षांपूर्वी वसवलेलं गाव. अरुंद गल्ल्या, लाकडी सज्जे, खारा वारा. सुलभाताई, प्रतापभावोजी आणि त्यांची सात वर्षांची रुपाली यांच्याबरोबर उत्तरा भाड्याच्या सायकलींवर गाव बघत होती. साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी बहिणीकडे आली होती ती. रविवारी परत जायचं होतं.

तो एकनाथ. जवळच्याच विद्यापीठात दगडांचा अभ्यास करायचा. भावोजींनी त्याला तिथल्या तिथे वाटाड्या करून टाकलं.

गावातल्या जुन्या स्पॅनिश किल्ल्याच्या भिंतीवर हात ठेवून तो रुपालीला समजावू लागला, "हे बघ, हा दगड शिंपल्यांच्या चुऱ्याचा. तोफेचा गोळा आला तरी भिंत फुटायची नाही. गोळाच आत रुतून बसायचा."

"लाइक इन चीज?"

"अगदी तस्संच!"

"म्हणजे मऊ होती म्हणून टिकली?" उत्तराने विचारलं.

"हो. काही माणसंही असतात तशी..."

"माणसं — की कुणी एकच?"

एकनाथ गडबडला. त्याचे कान लाल झालेले पाहून उत्तराला उगाचच बरं वाटलं.

दुपारी हिरवळीवर पोळीभाजीचा डबा उघडला. सुलभाताई सहज म्हणाल्या, "आता पुढच्या खेपेला ही नवऱ्याबरोबरच येईल. पुण्याचं स्थळ आलंय. आई पुढच्या आठवड्यात होकार कळवणार."

"माझा होकार विचारलाय का कुणी?" उत्तरा म्हणाली.

एकनाथच्या हातातला घास तसाच राहिला.

ताई-भावोजी रुपालीला तोफा दाखवायला गेले. समुद्राकडे बघत तो म्हणाला, "तुम्हाला... पत्र लिहिलं तर चालेल?"

"मला नको."

त्याचा चेहरा उतरला.

"माझ्या बाबांना लिहा," ती हळूच म्हणाली.

त्याला अर्थ उमगायला एक क्षण लागला. उमगला आणि तो उठूनच उभा राहिला. "पण सातारला पत्र पोचायला दहा-बारा दिवस लागतात! तोवर तुमच्या आई पुण्याला..."

तेव्हा असंच होतं. मनातलं बोलणं निळ्या पाकिटात बसून सावकाश समुद्र ओलांडायचं.

"रविवारी मी जातेच आहे ना?" उत्तराने हात पुढे केला. "द्या माझ्याकडे."

रुपालीच्या चित्रवहीचं पान फाडून एकनाथने गुडघ्यावर पत्र लिहिलं. तीनदा खोडलं. 'तीर्थरूप' लिहावं की 'आदरणीय', हेसुद्धा तिलाच विचारलं. मग चार घड्या घालून पत्र तिच्या तळहातावर ठेवलं. बोटं क्षणभर तिथेच राहिली...

"वाटेत उघडणार नाही ना?"

उत्तराने पत्र पर्समध्ये जपून ठेवलं.

"चोवीस तासांचा प्रवास आहे," ती म्हणाली, "वचन नाही देत."